सोबिएस्कीच्या फौजेत मुसलमान घोडेस्वारही होते

१२ सप्टेंबर १६८३ रोजी व्हिएन्नाला ऑटोमन तुर्कांनी घातलेला वेढा फुटला तो पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या ‘अस्सल पोलिश, कॅथलिक’ सैन्यामुळे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. ऑस्ट्रियन आणि जर्मन फौजा सोबत होत्याच, पण खुद्द राजाचं सैन्यही एकजिनसी नव्हतं.

१५६९ पासून पोलंड आणि लिथुआनिया हे एकच संयुक्त राज्य होतं. लिथुआनियात चौदाव्या शतकापासून वसलेले लिपका तातार सुन्नी मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या घोडदळात चाकरी करणारे. १६७२ मध्ये थकलेल्या पगारामुळे आणि धार्मिक जाचामुळे त्यांतले बरेच तुर्कांना जाऊन मिळाले. सोबिएस्कीने त्यांना परत घेतलं आणि १६७९ मध्ये थकबाकीपोटी जमिनी तोडून दिल्या. त्यांतल्या क्रुशिन्यानी गावात हिरव्या रंगाची लाकडी मशीद आजही उभी आहे. जमिनी मिळाल्यावर चारच वर्षांनी हे तातार त्याच्या बाजूने लढले. ही गोष्ट वगळून सांगितलेला इतिहास मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

पाठीवर पंख लावून लढणारे हुसार घोडेस्वार तर पोलंडची शान! पण १५०० च्या सुमारास पोलंडच्या पगारावर आलेले पहिले हुसार मुख्यतः सर्बियन होते. १६२१ मध्ये खोतिनला तुर्कांशी झालेल्या लढाईत तर पोलंडच्या बाजूचं जवळपास निम्मं सैन्य सेनानी सहायदाच्नीच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कोसॅकांचं, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्यांचं होतं.

आणि समोरची बाजू? हंगेरीचा प्रोटेस्टंट सरदार इम्रे थ्योकोली सुलतानाचा मित्र होता. मोल्दाव्हिया आणि वालाकिया या सुलतानाच्या मांडलिक राज्यांच्या ख्रिस्ती राजांच्या तुकड्याही तुर्कांबरोबर व्हिएन्नापर्यंत आल्या होत्या.