साखर सोडल्याने गाठ का मरत नाही

‘साखर सोडा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील’ हा मेसेज लोकलच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं उत्तर स्तनाच्या कर्करोगाच्या अगदी पहिल्या टप्प्यात, म्हणजे डीसीआयएसमध्ये दडलेलं आहे. या टप्प्यात बिघडलेल्या पेशी दूधवाहिनीच्या आतच असतात.

निरोगी दूधवाहिनी पोकळ असते, आणि ती पोकळ ठेवायला पेशींचं मरणंच कामी येतं. काठावरच्या पेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालच्या पटलाला धरून असतात. ‘जगत राहा’ हा संकेत त्यांना तिथूनच मिळतो. एखादी पेशी सुटून मध्ये आली की संकेत थांबतो. मग बिम हे प्रथिन वाढतं, बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) बाहेरच्या पटलाला भोकं पाडतात. आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडून एपॅफ-१ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून कॅस्पेज-९ आणि पाठोपाठ कॅस्पेज-३ ही प्रथिनं कापणारी विकरं कामाला लागतात. पेशीचा सांगाडा कापला जातो, डीएनएचे तुकडे होतात, उरलेल्या बारीक पुड्या शेजारच्या पेशी गिळून टाकतात. सूज नाही, पसारा नाही! या नेटक्या मरणाला कर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये अपॉप्टोसिस हे नाव दिलं.

हर-२ प्रथिन जास्त झालेली पेशी मात्र आधार सुटला तरी मरत नाही. जगण्याचा संकेत तिला आतूनच मिळत राहतो. पोकळी भरत जाते. वाहिनीच्या आत रक्तवाहिन्या नसतात आणि ऑक्सिजन झिरपतो तो जेमतेम १००-२०० मायक्रोमीटर. त्यापलीकडच्या पेशी गुदमरून फुटतात. हा नेक्रोसिस. त्या अवशेषांत कॅल्शियम साचतं आणि मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. हाताला न लागणारा कर्करोग बरेचदा यांवरूनच सापडतो.

म्हणजे उपासमार तिथे आधीपासूनच चालू असते, आणि तरी काठावरच्या पेशी वाढतच राहतात. मेलेला गाभा दिसला तर पॅथॉलॉजिस्ट तो आजार उलट जास्त आक्रमक धरतात. चहातली साखर बंद केली तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज सांभाळतंच. असल्या मेसेजपायी बायका तपासणी पुढे ढकलतात, याचा मला फार राग येतो.

तपासणीने काय होतं, हे मुंबईतच दिसलं आहे. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: या वस्त्यांतल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांत, बाकीच्या वस्त्यांच्या तुलनेत, स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते.