परिषद भविष्याची, वाद आठ अंशांचा

थंडी पडली की खानदेशात शेती परिषदांचे आणि प्रदर्शनांचे मांडव पडू लागतात. फलकावर ड्रोन, एआय, निर्यात. पण प्रश्नोत्तरांत माईक रावेर-यावलकडच्या, म्हणजे केळीपट्ट्यातल्या माणसाच्या हाती गेला, की गाडी पीकविम्याच्या निकषांवर येते. बाहेरगावच्या वक्त्यांना ते विषयांतर वाटतं. ते तसं नाही.

शेतीचं पुढे काय, हा प्रश्न इथे जुनाच. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या सामाईक शेतीपट्ट्यांत, एका फडाला एकच पीक असे आणि पाणी वाटणारा पाटकरी देईल तेव्हा पाणी. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि त्यात जमिनीचा सारा, कुळांचा खंड, कर्ज यांवर ठराव झाले. म्हणजे तेव्हा भविष्याचा अर्थ होता सावकार आणि सरकार.

ठिबक आणि टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं) आल्यावर तो अर्थ बदलला. केळीचा कंद लावून दीड वर्ष वाट पाहणारा शेतकरी वर्षाच्या आत घड कापू लागला. कपाशीत 2002 ला बीटी, म्हणजे बोंडअळी रोखणारं जनुक घातलेलं बियाणं, आलं, 2017 ला गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. केळीत खर्च वाढला तशी जोखीमही वाढली, आणि तिथे हवामानावर आधारित फळपीक विमा आला.

या नावातच सगळा गोंधळ आहे. थंडी-उन्हाच्या नुकसानीसाठी यात पंचनामा करून बाग बघत नाहीत, आकडा बघतात. थंडीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेला निकष असा: किमान तापमान सलग तीन दिवस 8 अंश किंवा त्याखाली. समजा, दोन रात्री पारा सातवर राहिला आणि तिसऱ्या रात्री सव्वाआठ झाला, तर भरपाई नाही. केळीला मात्र चरका बसलेला असतो, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबलेली असते. बागेत पहाटे ओला पालापाचोळा पेटवून धूर करणाऱ्याला सव्वाआठ म्हणजे काय, ते समजावून सांगता येत नाही.

त्यातही पारा कुणाचा? आकडा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा. नदीकाठच्या खोलगट शेतात थंड हवा साचते आणि केंद्र उभं असतं गावाजवळच्या उंचवट्यावर. मग शेतकरी बागेत टांगलेल्या थर्मामीटरचा फोटो मोबाइलवर काढून आणतो, पण त्या फोटोची नोंद कुठेच होत नाही. कंपन्यांची बाजू चूक म्हणता येत नाही: प्रत्येकाचा थर्मामीटर मानायचा तर विमाच उभा राहणार नाही. तरीही केंद्र कुठे बसवायचं, हे ठरवताना केळीवाल्याला कुणी विचारलं होतं, असं मला तरी दिसलं नाही.

2020 मध्ये निकषच बदलले. केळीपट्ट्यात आंदोलनं झाली आणि पुढच्या हंगामात जुने निकष परत आणावे लागले. त्याच सुमारास सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूने बागा पिवळ्या पडल्या, आणि लोकांनी लावलेली रोपं उपटून फेकली. हा विषाणू हवामान केंद्राच्या पाऱ्यात दिसत नाही, म्हणून या विम्यात त्याला जागा नव्हती.

मांडवातल्या मागण्या त्यामुळेच आजही साध्या असतात: केंद्र गावागावात हवं, आणि रोजचा आकडा चावडीवर लागायला हवा.