पान नवं, चित्र जुनं

गेल्या वर्षी १ जूनपासून आमच्या वाचनालयाची सकाळची वेळ आठऐवजी नऊची झाली. तिथल्या संकेतस्थळाचं काम मी बघतो. ३० मेच्या रात्री मी पानावर सूचना टाकली आणि वेळापत्रकाचं चित्र बदललं. जुनी फाइल काढून त्याच नावाने नवी ठेवली, माझ्या लॅपटॉपवर उघडून खात्री केली आणि झोपलो. २ जूनला सकाळी आठ वाजता एक ज्येष्ठ सभासद बंद दारापाशी उभे होते. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. वर ठळक अक्षरांत ‘नवे वेळापत्रक, १ जूनपासून’ आणि त्याखाली जुनंच चित्र, ‘सकाळी ८ ते ११’. मी पान रिफ्रेश केलं. वरची सूचना नवी, खालचं चित्र जुनं, काही फरक नाही.

अशा वेळी सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘कॅश क्लीअर करा’. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे, आणि इथे त्याचा अर्थ हाताशी ठेवलेला साठा. एकदा उतरवलेलं चित्र ब्राउझर फोनमध्ये ठेवून देतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या संगणकाकडे, न जाता तिथूनच दाखवतो. तो साठा पुसला की त्या एका फोनवर नवं चित्र दिसतं, हे खरं. पण बाकीच्या सभासदांच्या फोनमध्ये जुनं चित्र तसंच राहतं, आणि ते का राहिलं हे कळायचा पुरावाही आपण पुसून बसतो. म्हणून मी त्यांचा फोन आधी तसाच ठेवला.

लॅपटॉपवर एफ १२ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडला आणि चित्राच्या ओळीवर क्लिक केलं. सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. दुधाच्या पिशवीवर जसा ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असा छाप असतो, तशी ‘कॅश-कंट्रोल’ नावाची ओळ फाइल किती सेकंद ताजी समजायची ते सांगते. आमच्या सर्व्हरच्या उत्तरात ती ओळच नव्हती. होती फक्त ‘लास्ट-मॉडिफाइड’, म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली त्याची तारीख. (मला रात्री सगळं बरोबर का दिसलं, तेही तिथेच कळलं. ‘डिसेबल कॅश’, म्हणजे साठा वापरू नको, या पर्यायावर माझी खूण कायम असते.)

मुदत छापलेलीच नसेल तर ब्राउझर काय करतो? अंदाज बांधतो. हा अंदाज मला संपूर्ण वेबमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

जी फाइल काल बदलली ती आजही बदलण्याचा संभव जास्त, आणि जी वर्षभर बदलली नाही ती आजच बदलेल याचा संभव कमी. १९९२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या व्हिन्सेंट केट यांनी ‘ॲलेक्स’ नावाच्या फाइल-व्यवस्थेत याच निरीक्षणावर साठ्याची मुदत ठरवली. तेव्हा वेब नुकतंच रांगत होतं. पुढे तीच कल्पना वेबच्या नियमांत आली. कॅशबद्दलचा सध्याचा प्रमाण दस्तऐवज, जून २०२२ चा आरएफसी ९१११, म्हणतो की सर्व्हरने मुदत दिली नसेल तर फाइलच्या वयाचा काही हिस्सा मुदत म्हणून धरता येईल, आणि उदाहरणादाखल १० टक्क्यांचा आकडा देतो. सक्ती नाही, पण ब्राउझर साधारण तोच आकडा वापरतात.

आता हिशेब मांडू. वेळापत्रकाचं जुनं चित्र मी २० ऑगस्टला चढवलं होतं. त्या सभासदांनी नव्या फोनवर आमचं पान पहिल्यांदा उघडलं ते २० मेला. मधले दिवस २७३. त्याचे १० टक्के म्हणजे २७ दिवसांहून थोडे अधिक. म्हणजे १६ जूनपर्यंत त्यांच्या फोनच्या लेखी ते चित्र ताजं होतं. आणि पानाचा मजकूर? त्यात आम्ही दर आठवड्याला नव्या पुस्तकांची यादी घालतो. तीन दिवसांपूर्वी बदललेल्या पानाची मुदत ७२ तासांचा दहावा भाग, जेमतेम सात तास. म्हणून सूचना नवी आली आणि चित्र जुनं राहिलं. एकाच पानावरच्या दोन वस्तू, दोघींना एकच नियम, पण वयं वेगळी.

पुढची गंमत अशी की हा विश्वास चक्रवाढ व्याजाने वाढतो. समजा १०० दिवसांची फाइल आहे. तिला १० दिवसांची मुदत मिळते. ११० व्या दिवशी ब्राउझर सर्व्हरला विचारतो, ‘या तारखेनंतर काही बदललं का?’ बदल नसेल तर सर्व्हर फाइल पुन्हा पाठवत नाही, ‘३०४’ एवढंच उत्तर देतो. आता फाइलचं वय ११०, म्हणून नवी मुदत ११ दिवस. मग १२१ व्या दिवशी विचारणा, मुदत १२.१ दिवस. दर फेरीला १.१ ने गुणायचं. फाइल जितकी निष्ठेने स्थिर राहिली, तितका तिचा एखादा बदल उशिरा कळणार. उलट, बदललेली फाइल दुसऱ्या दिवशी उतरवली तर तिला फक्त २.४ तास मिळतात. तिला विश्वास पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो.

मग रिफ्रेश का चाललं नाही? क्रोम साध्या रिफ्रेशमध्ये मुख्य पानाचीच सर्व्हरकडे चौकशी करतो. आतल्या चित्रांची मुदत उरली असेल तर ती साठ्यातूनच घेतो. संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं तर सगळंच नव्याने येतं, मोबाइलवर ती सोय हाताशी नसते.

उपाय सर्व्हरच्या बाजूलाच करायचा होता. चित्राचं नाव बदललं आणि नावातच तारीख घातली. नवं नाव म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने नवीच वस्तू, साठ्यात तिचा पत्ताच नाही. अशा फाइलींना मग निर्धास्तपणे ३१५३६००० सेकंद, म्हणजे पूर्ण वर्षाची मुदत देता येते. मुख्य पानाच्या ‘कॅश-कंट्रोल’ ओळीत ‘नो-कॅश’ लावलं. या नावाने पुष्कळ प्रोग्रॅमर फसतात. ‘नो-कॅश’ म्हणजे ‘साठवू नको’ असं नव्हे, ‘साठव, पण वापरण्याआधी दर वेळी मला विचार’ असं आहे. साठवूच नको म्हणायला ‘नो-स्टोअर’ ही वेगळी सूचना असते. सर्व्हर आणि वाचक यांच्या मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती वाचकांजवळ ठेवणारी यंत्रणा) असेल तर तिथलाही साठा तपासावा लागतो. ‘एज’ (म्हणजे वय) या हेडरमधले सेकंद प्रत किती वेळ तिथे पडून आहे ते सांगतात.

रोज ‘कॅश साफ’ करून फोन सुसाट करण्याचा दावा करणारी ॲप्स मात्र खुशाल काढून टाका. जागा अगदीच संपली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पुसलेल्या त्याच वस्तू फोन पुन्हा उतरवतो, त्यात तुमचा डेटाही जातो आणि वेळही. शनिवारी नारळ वाढवण्याइतकाच त्याचा फोनच्या वेगाशी संबंध आहे.

बदल चढवून झाल्यावर त्या सभासदांना पान पुन्हा उघडायला सांगितलं. ‘सकाळी ९ ते १२’ दिसलं. त्यांच्या फोनमधलं जुनं चित्र मी पुसलं नाही. ते अजून तिथे पडून असेल, पण आता कुठलंही पान त्या नावाने हाक मारत नाही. जागा लागली की ब्राउझर ते स्वतःच काढून टाकेल.