मॅकेन्झी टार्टन

मॅकेन्झी टार्टन हे स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातील मॅकेन्झी कुळाचे चौकड्यांचे लोकरी कापड. गडद निळे, काळे व हिरवे रुंद पट्टे आणि त्यांवर पांढरी व लाल अशा दोन बारीक रेघा, ही त्याची ओळख. लांबून ते काळपट हिरवे भासते. हातात घेतले की रेघा उठून दिसतात.

पट्ट्यांच्या ठरलेल्या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. इथे पांढरी रेघ प्रत्येक हिरव्या पट्ट्याच्या मधोमध धावते. लाल रेघ मात्र एकाआड एक निळ्या पट्ट्यात येते. मधल्या निळ्या पट्ट्यांत तिच्या जागी दोन्ही बाजूंना काळ्या रेघांच्या जोड्या असतात. पांढऱ्या-लाल रेघांना काळ्या धाग्यांची बारीक किनार असते, म्हणूनच त्या इतक्या रेखीव दिसतात. क्रम टोकाला पोहोचला की तिथून उलटा फिरतो, आणि ताण्यात (उभ्या धाग्यांत) जो क्रम तोच बाण्यात (आडव्या धाग्यांत) घेतात.

वीण ट्विलची. बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून व पुढच्या दोनांखालून जातो आणि दर ओळीला एक धागा सरकतो. त्यामुळे कापडभर तिरप्या रेषा उमटतात. निळ्यावर निळा आला तिथे रंग शुद्ध राहतो, निळ्यावर हिरवा आला तिथे दोन्हींचे तिरपे ठिपके मिसळतात. पाच रंगांच्या धाग्यांतून ५ शुद्ध आणि १० मिश्र अशा १५ छटा तयार होतात. टार्टनचे खरे सौंदर्य या मिश्र चौकोनांत आहे.

हा नमुना कुळात पूर्वापार चालत आला, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे मूळ लष्करी आहे. पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, म्हणजे जॅकोबाइटांचा, उठाव मोडल्यावर १७४६च्या कायद्याने हायलँडमधील पुरुषांना पारंपरिक पोशाखाची बंदी झाली. ब्रिटिश सैन्याला सूट होती. सैन्यातील ब्लॅक वॉच या हायलँड पलटणीचे निळे-काळे-हिरवे सरकारी कापड नव्या पलटणींनीही घेतले आणि ओळखीपुरत्या रेघा वाढवल्या. गॉर्डन पलटणीने पिवळी रेघ घेतली, मॅकेन्झींच्या पलटणींनी पांढरी आणि लाल. बंदी १७८२मध्ये उठली. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हापासून प्रत्येक कुळाचे वेगळे टार्टन ही कल्पना चांगलीच रुजली.

फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी यांनी १७९३मध्ये उभारलेल्या ७८व्या हायलँडर पलटणीचे टार्टन हेच. ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली. १८८१मध्ये ७२वी आणि ७८वी पलटण एकत्र होऊन सीफोर्थ हायलँडर्स झाली, तिनेही हेच कापड ठेवले.

बाजारात ‘मॉडर्न’ म्हणजे गडद, तर ‘एन्शंट’ म्हणजे फिक्या, वनस्पतिजन्य रंगांची आठवण देणाऱ्या छटेचे कापड मिळते. ही नावे रंगछटेची आहेत, नमुन्याच्या वयाची नव्हेत. पट्ट्यांचा क्रम दोन्हींत एकच असतो.