विलोचा खरा आकडा

गूगलने ९ डिसेंबर २०२४ रोजी ‘विलो’ या आपल्या नव्या क्वांटम चिपची घोषणा केली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी एकच वाक्य उचलले: आजच्या अतिवेगवान महासंगणकाला ज्या गणितासाठी एकावर पंचवीस शून्ये इतकी वर्षे लागतील, ते विलोने पाच मिनिटांच्या आत उरकले. विश्वाचे वय जेमतेम १,३८० कोटी वर्षे आहे. आपल्या जुन्या संख्यामालिकेतील शेवटची संख्या परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, हीसुद्धा येथे अपुरी पडते आणि ‘दहा कोटी परार्ध वर्षे’ असे काहीतरी म्हणावे लागते. एवढा अवाढव्य आकडा समोर असताना, त्याच दिवशी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातील एका किरकोळ दिसणाऱ्या आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो आकडा २.१४ आहे, आणि माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी तोच होता.

आधी मोठ्या आकड्याचा निकाल लावू. ज्या गणिताची एवढी चर्चा झाली, त्यात चिपवरील क्यूबिटांवर, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीच्या मूलभूत घटकांवर, कोणत्याही ठरावीक हेतूशिवाय निवडलेल्या क्रिया एकामागून एक केल्या जातात आणि शेवटी हाती येणाऱ्या शून्य-एकच्या माळा नोंदवल्या जातात. त्या माळांचा व्यवहारात कोणालाही उपयोग नाही. क्वांटम चिपला जे स्वभावतःच सोपे आणि साध्या संगणकाला जे स्वभावतःच जड, असे गणित शोधून काढून ही शर्यत लावलेली आहे. माशाने घोड्याला पोहण्याचे आव्हान द्यावे तसा हा प्रकार. कसोटी अगदीच निरर्थक आहे असे मात्र नाही, कारण जी चिप एवढेही करू शकत नाही, तिच्याकडून पुढची अपेक्षा व्यर्थ आहे. पण ‘इतकी वर्षे लागतील’ हे विधान आज माहीत असलेल्या पद्धतींपुरतेच खरे असते. २०१९ मध्ये याच कंपनीने ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ चिपने २०० सेकंदांत केलेल्या गणिताला महासंगणकावर १०,००० वर्षे लागतील असे सांगितले होते. आयबीएमने त्यावर लगेच अडीच दिवसांचा हिशेब मांडला, आणि काही वर्षांतच चिनी संशोधकांनी अधिक चतुर पद्धत वापरून, ५१२ ग्राफिक्स प्रक्रियकांच्या मदतीने, तेच काम सुमारे पंधरा तासांत करून दाखवले.

आता २.१४ कडे वळू. त्यासाठी क्यूबिट किती नाजूक असतो हे समजून घ्यावे लागेल. विलोमध्ये १०५ क्यूबिट आहेत आणि ते अतिसंवाहक, म्हणजे अतिथंडीत विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या, धातूच्या सूक्ष्म मंडलांचे बनलेले आहेत. निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या काही शतांशांनीच वर असलेल्या थंडीत त्यांना ठेवले, तरी त्यांतील माहिती सरासरी सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरतीच टिकते, आणि दोन क्यूबिटांमध्ये घडवलेल्या साधारण तीनशे क्रियांमागे एक तरी चुकते. उपयोगाच्या गणितांना अब्जावधी क्रिया लागतात. म्हणजे या चुका जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय झाली नाही, तर क्वांटम संगणक हा प्रयोगशाळेतला महागडा शोपीसच राहणार.

साध्या संगणकात ही अडचण सोडवणे सोपे आहे. एकाच माहितीच्या तीन प्रती ठेवायच्या आणि वेळ आली की बहुमत घ्यायचे. क्यूबिटाच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा बंद आहेत. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे. आणि आत काय आहे हे पाहायला जावे, तर पाहताक्षणीच ती अवस्था मोडते. या कोंडीतून वाट काढली ती गणितज्ञ पीटर शोर यांनी. १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, एका क्यूबिटाची माहिती नऊ क्यूबिटांत मिळून पसरून ठेवली आणि प्रत्येकाला वेगळे न विचारता केवळ त्यांच्यातील परस्परसंबंध तपासले, तर माहितीला धक्का न लावता चूक पकडता येते. आपल्याकडे गुणाकार पडताळून पाहण्यासाठी नऊचा ताळा घेत असत, तो येथे आठवावा. ताळा जुळला की नाही यावरून उत्तर काय आहे हे कळत नाही, गुणाकारात चूक शिरली एवढेच कळते. क्वांटम दुरुस्तीला नेमके तेवढेच कळायला हवे असते.

विलोवर हा ताळा जाळीच्या रूपात मांडलेला आहे. बुद्धिबळाच्या पटासारख्या जाळीत माहिती सांभाळणारे क्यूबिट आणि त्यांच्या मधोमध तपासनीस क्यूबिट बसवलेले असतात. प्रत्येक तपासनीस आपल्या शेजारच्या, बहुतेक ठिकाणी चार, क्यूबिटांकडून ‘तुमची बेरीज सम की विषम’ एवढेच काढून घेतो, आणि ही फेरी सुमारे १.१ मायक्रोसेकंदाला एकदा होते. फेऱ्यांच्या नोंदींत कोठे बदल दिसतो यावरून बाहेरचा साधा संगणक चुकीची जागा ओळखतो. अशा सगळ्या क्यूबिटांची मिळून जी एकच माहिती जपली जाते, तिला तार्किक क्यूबिट म्हणतात. सात बाय सातच्या जाळीत माहितीचे ४९ आणि तपासणीचे ४८, असे ९७ क्यूबिट केवळ एका तार्किक क्यूबिटाच्या दिमतीला लागतात.

खरी मेख पुढेच आहे. तपासनीसही त्याच मातीचे, त्यामुळे तेही चुकतात. जाळी वाढवली की राखण करणारे वाढतात आणि चुकणारेही वाढतात. आणि प्रत्येक क्यूबिटाच्या चुकांचे प्रमाण एका ठरावीक उंबरठ्याच्या वर असेल, तर कुंपणानेच शेत खावे तशी गत होते, म्हणजे जाळी जितकी मोठी तितका तार्किक क्यूबिट अधिक बिघडतो. प्रमाण उंबरठ्याच्या खाली आले, तरच चित्र पालटते आणि जाळी मोठी करण्याचा फायदा पायरीपायरीने गुणाकाराने वाढत जातो. हा सिद्धांत १९९० च्या दशकातला आहे. प्रत्यक्षात २०२३ मध्ये गूगलच्याच आधीच्या चिपवर, तीन बाय तीनवरून पाच बाय पाचवर गेल्यानंतर, दर फेरीतील चूक ३.०२८ टक्क्यांवरून केवळ २.९१४ टक्क्यांवर आली होती. उंबरठ्याला पाय लागला होता, पण घरात प्रवेश झाला नव्हता.

विलोमध्ये तीनवरून पाच आणि पाचवरून सात असे जाताना प्रत्येक पायरीला चुकीचे प्रमाण २.१४ पटींनी घटले. सातच्या जाळीत ते दर फेरीला ०.१४३ टक्के भरले, आणि तिच्यातील तार्किक क्यूबिट त्याच चिपवरील सर्वांत टिकाऊ सुट्या क्यूबिटापेक्षा २.४ पट अधिक काळ टिकला. जवळजवळ शंभर दुबळ्यांनी मिळून आपल्यातल्या सर्वांत सबळापेक्षा सरस कामगिरी करावी, असे अतिसंवाहक क्यूबिटांच्या जाळीत प्रथमच इतक्या स्वच्छपणे दिसले.

आता या आकड्याच्या जोरावर थोडे गणित करू, कारण जाहिरातीत ते कोणी करत नाही. दर दहा लाख फेऱ्यांत एकच चूक व्हावी असे उद्दिष्ट ठेवले, तर ०.१४३ टक्क्यांपासून तेथवर जायला २.१४ ने दहा वेळा भागावे लागते. याचा अर्थ सातऐवजी सत्तावीस बाय सत्तावीसची जाळी, म्हणजेच १,४५७ क्यूबिट, आणि एवढे करूनही तो एकच तार्किक क्यूबिट साधारण सेकंदभर निर्दोष राहील. सुट्या क्यूबिटांचा दर्जा सुधारून २.१४ चे ४ करता आले, तर त्याच ठिकाणापासून सहा पायऱ्या आणि ७२१ क्यूबिट पुरतात. म्हणूनच क्यूबिटांची नुसती संख्या मिरवणाऱ्या घोषणांपेक्षा या गुणकात दशांशाचा फरक पडल्याची बातमी मला मोलाची वाटते.

दुसऱ्या बाजूने गरजही घटते आहे. आज बँकांचे व्यवहार आणि संदेश जपणाऱ्या २,०४८ बिटांच्या ‘आरएसए’ या सांकेतिक कुलुपाला फोडण्यासाठी दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील असा अंदाज २०१९ मध्ये होता. गूगलचेच क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये तो दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथवर खाली आणला. यंत्र तेच, सुधारली ती रीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या नव्या कुलुपांची मानके जाहीर केली, ती याच भीतीपोटी.

इतर कंपन्यांनी वेगळ्या वाटा धरल्या आहेत. आयबीएमला २०२९ पर्यंत २०० तार्किक क्यूबिटांचा ‘स्टारलिंग’ उभारायचा आहे आणि त्यासाठी ती २८८ क्यूबिटांत १२ तार्किक क्यूबिट बसवणारी, अधिक काटकसरीची पण जोडणीला किचकट अशी पद्धत वापरणार आहे. ॲमेझॉनच्या ‘ऑसेलॉट’मध्ये क्यूबिटाची घडणच अशी आहे की, एका प्रकारची चूक मुळातच विरळ होते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये आठ क्यूबिटांची ‘मायोराना १’ ही चिप मोठ्या गाजावाजाने पुढे आणली. पण सोबतच्या शोधनिबंधातून ज्या कणसदृश अवस्थांवर सगळी मदार आहे, त्यांचा पुरावा मिळत नाही, असे ‘नेचर’च्या संपादकांनीच परीक्षणाच्या नोंदीत म्हटले. याच शाखेतला २०१८ चा एक निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला होता, हे लक्षात घेता येथे सावधपणाच बरा. आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सहा अतिसंवाहक क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. संख्या लहान आहे, पण ते क्यूबिट कुलाब्यात घडवलेले आहेत.

विलोच्या निबंधात शेवटाकडे एक नोंद आहे, तिच्याबद्दल गूगलच्या जाहीर निवेदनाच्या वाचकांना फारसे कळले नसेल. आधीच्या चिपांत अंतराळातून येणारे ऊर्जावान किरण दर काही सेकंदांनी एकाच वेळी अनेक क्यूबिट बिघडवत असत आणि चिपच्या रचनेत बदल करून त्यांना आवर घालण्यात आला. विलोवर मात्र साधारण तासातून एकदा, म्हणजे सुमारे तीनशे कोटी फेऱ्यांमागे, पुष्कळ क्यूबिट एकदम चुकण्याची वेगळीच घटना आढळली आणि निबंध लिहीपर्यंत तिचे कारण सापडले नव्हते. विखुरलेल्या चुका जाळी पकडते, पण एकगठ्ठा आलेल्या चुकांपुढे ताळाही फसतो. गिडनी यांच्या हिशेबातील गणित काही दिवस अखंड चालायचे आहे, आणि हा झटका तासाला एकदा येतो.