तारा उलटल्या तरी गाडी पुढेच

तारांची अदलाबदल केली की विजेची मोटार उलटी फिरते, ही शाळेत रुजलेली समजूत फार पक्की असते. त्यामुळे जुन्या मॉडेल रेल्वेचे इंजिन तारा उलट जोडूनही पुढेच धावू लागले, तर त्याची मोटार बिघडली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचे हे वागणे भौतिकशास्त्राच्या नियमाला धरूनच असते.

अमेरिकेतील लायोनेल आणि जर्मनीतील मेर्कलिन या कंपन्यांच्या अशा जुन्या इंजिनांत कायमस्वरूपी चुंबक नसे. चुंबकीय क्षेत्रासाठी मोटारीच्या स्थिर भागावर तारेचे वेटोळे असे आणि त्यातून गेलेली विद्युतधाराच ब्रशांवाटे, म्हणजे घासत राहणाऱ्या संपर्कांवाटे, आर्मेचर या फिरत्या भागातील वेटोळ्यांत जाई. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमानुसार बलाची दिशा क्षेत्र आणि धारा या दोहोंवर अवलंबून असते. तारा उलटल्या की दोन्ही एकदमच उलटतात आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन यावा तसे बल मूळ दिशेनेच राहते. म्हणूनच ही मोटार प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या घरगुती विजेवर, चालते आणि ट्रान्सफॉर्मरने घरातील विजेचा दाब उतरवला की काम भागते.

गाडी मागे न्यायची असेल तर क्षेत्र आणि आर्मेचर यांपैकी फक्त एकातील धारा उलटवावी लागते, आणि तीही धावत्या इंजिनाच्या पोटात, दूर बसून. यासाठी लायोनेलने वापरलेली ‘ई-युनिट’ ही यंत्रणा मला यंत्रकलेचा अस्सल नमुना वाटते. तिच्यात एक उभे नालकुंतल, म्हणजे वीज मिळताच चुंबक बनणारे नळीसारखे वेटोळे, असते. वीज मिळताच ते आतला लोखंडी दांडा वर खेचते, दांड्याला जोडलेली खिट्टी दातेरी पिंपाला एक घर फिरवते आणि पिंपावरचे तांब्याचे पट्टे स्पर्शपट्ट्यांची नवी जोडणी करतात. वीज तोडली की दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि खिट्टी पुढच्या दात्यावरून घसरून पुढील खेचेसाठी तयार होते. क्रम ठरलेला असतो : पुढे, तटस्थ, मागे, पुन्हा तटस्थ. तटस्थ स्थितीत मोटार थांबते, पण दिवा जळत राहतो. नालकुंतलाचे बल प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठते, त्यामुळे ६० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १२० कंपनांची गुणगुण ऐकू येते. या रचनेतली उणीव अशी की, रुळावरच्या मळामुळे क्षणभर वीज तुटली तरी पिंप एक घर सरकते आणि गाडी मध्येच थांबते.

मेर्कलिनने ही अडचण वेगळ्या तऱ्हेने टाळली. तेथे क्षेत्रासाठी परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळलेली दोन वेटोळी असतात आणि त्यांपैकी कोणते वापरायचे हे रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, ठरवतो. गाडी साधारण १६ व्होल्टपर्यंत चालते. दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका देतात, तेव्हाच रिलेच्या स्प्रिंगचा ताण मोडतो.

जपानमध्ये १९३१ साली तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचे चुंबकीय मिश्रधातू शोधले आणि त्यांतूनच पुढे अल्निको हे कायमस्वरूपी चुंबक आले. मोटारीत वेटोळ्याऐवजी असे चुंबक बसवले आणि क्षेत्र कायमचे स्थिर असले की नुसत्या तारा उलटल्याने गाडी मागे जाते. हे चुंबक वापरामुळे ‘संपतात’ असे मानणे मात्र चुकीचे आहे. चुंबकातून शक्ती झिरपून शरीरात शिरते, असे सांगून चुंबकीय कडी आणि गाद्या विकणाऱ्यांचा दावाही याच गैरसमजावर पोसला जातो आणि त्याला कोणताही आधार नाही. अल्निको दुबळा होतो तो निष्काळजी हाताळणीमुळे. आर्मेचर बाहेर काढले की ध्रुवांमधील लोखंडी वाट तुटते आणि चुंबकाचे स्वतःचेच क्षेत्र त्याला अंशतः विचुंबकित करते. म्हणून मोटार उघडताना, आर्मेचर काढण्याआधीच, दोन्ही ध्रुवांना जोडणारा मऊ लोखंडाचा तुकडा लावावा आणि मोटार पुन्हा जुळवल्यावरच तो काढावा.