खोटे इंटरप्ट (मायक्रोकंट्रोलर)

बटणाला कुणी हात लावलेला नसतो, सेन्सरही शांत असतो, तरी मायक्रोकंट्रोलर हातातले काम सोडून इंटरप्टच्या (तातडीने लक्ष मागणाऱ्या सूचनेच्या) फंक्शनमध्ये शिरतो. याला खोटा इंटरप्ट म्हणतात. नाव चिपवर अन्याय करणारे आहे, कारण पिनवर एज (सिग्नलचा लोवरून हाय किंवा हायवरून लो असा बदल) बहुधा खरोखरच आलेली असते.

आधी पिन मोकळी तर नाही ना, हे पाहावे. इनपुटचा रोध इतका जास्त असतो की कशालाही न जोडलेली वायर अँटेनासारखी वागते आणि घरच्या विजेचे ५० हर्ट्झसुद्धा पकडते. अर्दुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमधला पुल-अप (पिन हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो. टेबलावरच्या जोडणीला तो पुरतो. मात्र लांब वायर मोटर किंवा रिलेच्या शेजारून जात असेल, तर बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावणेच बरे. बटणाचे दुखणे वेगळे: दाबताना त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबात अनेक एज येतात.

प्रोग्रॅम सुरू होताच एकदाच येणारा इंटरप्ट सर्वांत जास्त चकवतो. एटीमेगामध्ये एजचा प्रकार बदलतानाही इंटरप्टचा फ्लॅग (इंटरप्ट आल्याची चिपमधली खूण) लागू शकतो. म्हणून आधी ईआयएमएसके रजिस्टरमधून इंटरप्ट बंद करावा, मग एज निवडावी, ईआयएफआरमधला फ्लॅग पुसावा आणि शेवटी इंटरप्ट चालू करावा. फ्लॅग पुसायला तिथे १ लिहावा लागतो, ० नव्हे; इथे भलेभले अडकतात.

कधी दोष चिपच्या आतच असतो. ईएसपी३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरमधले एडीसीसारखे (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारे) काही भाग चालू होताना जीपीआयओ ३६ आणि ३९ हे इनपुट सुमारे ८० नॅनोसेकंद खाली ओढले जातात. उत्पादकाने हे दोषपत्रकात नोंदवले आहे. शक्य असल्यास इंटरप्टसाठी या दोन पिना टाळाव्यात.

कोडमध्ये डिले घालण्याआधी एक साधी तपासणी करावी. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये शिरताच एक रिकामी पिन हाय करावी, बाहेर पडताना लो करावी. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या) एका चॅनेलवर ही पिन आणि दुसऱ्यावर इनपुट लावून ट्रिगर त्या रिकाम्या पिनेवर ठेवावा. प्रोबची ग्राउंडची वायर आखूड हवी, नाहीतर प्रोबच नॉइज गोळा करतो. त्या पिनेवरच्या पल्सच्या किंचित आधी इनपुटवर काटा (सिग्नलची क्षणिक उसळी) दिसला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. काहीच दिसले नाही, तर बाहेरची वायर काढून इनपुट १ किलोओहममधून सरळ सप्लायला बांधावा. तरीही इंटरप्ट येत राहिला, तर फ्लॅग आणि कोड तपासायला घ्यावेत.